फेटलेलं थांबत नाही

बल्ब आधी पांढरा झाला. वेल्डिंगच्या दुकानात दिसतो तसला पांढरा. मी वर बघायला आणि तो फुटायला एकच गाठ पडली. काचा केसांत, गाऊनवर, मैद्याच्या गोणीवर. बाहेर शेजारची मार्थामावशी किंचाळली, "अगं बाई, माझा टीव्ही!" आणि मग सगळ्या कंपाउंडातून तसलेच आवाज. कुणाचा पंखा विमानासारखा फिरायला लागला, कुणाच्या फ्रीजमागून धूर निघाला.

"बटणं बंद करा! बटणं!" कुणीतरी ओरडत पळत गेलं.

मी ओव्हनचं बटण बंद केलं, पण उशीर झाला होता. पत्रा एवढा तापला होता की शेजारी उभं राहवेना. तळाशी सांडलेलं पीठ जळून वास सुटला होता. मग आत कुठंतरी बारीक 'टक' झालं आणि ते धूड गप्प बसलं.

नाताळ दोन दिवसांवर होता.

आमच्या मिशन कंपाउंडात त्या वेळी कुणी दुकानातून केक आणत नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या घरी फेटायचा, आपल्या डब्यात ओतायचा आणि माझ्याकडून भाजून न्यायचा. डबे कसले, तर कसलेही. दूधपावडरीचे, बिस्किटांचे, कुकरातली भांडी, आणि बुडाला खिळ्यानं कोरलेलं घराचं नाव. आपला नाताळ दुसऱ्याच्या हातानं फेटायचा नसतो असं म्हाताऱ्या म्हणायच्या. माझं काम फक्त आगीचं.

लोडशेडिंगचे दिवस होते. सकाळी लाईट जायची, दुपारी बाराला यायची. बायका त्या हिशेबानं फेटायला बसायच्या आणि बाराच्या आत डबे आमच्या पडवीत आणून ओळीनं मांडायच्या. मीही ओव्हनचं बटण चालूच ठेवायचे, म्हणजे लाईट आली की तो आपला आपण तापायला लागायचा. त्या दिवशी बाराला लाईट आली ती अशी. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर न्यूट्रलची तार तुटली होती. ती तुटली की कुणाच्या घरात लाईट मरते आणि कुणाच्या घरात दुपटीनं येते. आमच्याकडं दुपटीनं आली.

वायरमननं तार जोडली. नवा बल्ब लावला, तो शहाण्यासारखा पिवळा पेटला. ओव्हनचं बटण लावलं. काही नाही. काढलं, परत लावलं. मी पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले. मघाच्या तापलेल्या पत्र्याची धग उतरतच चालली होती.

पडवीत डबे आणि डब्यांमागं बायका. फेटलेलं थांबत नाही. आतली हवा निघून जाते, पीठ खाली बसतं, मग कितीही भाजा, वीट होते. हे त्या बायकांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्या डब्यांकडं अशा बघत होत्या जसं काही आत लेकरं गुदमरतायत.

आई आत आली. ओव्हनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बोलाव त्याला," म्हणाली.

"कुणाला?"

"आता माझ्या तोंडून नाव काढून घेणार का? त्या रोमनच्या पोराला."

लाजरसला.

आम्ही मराठी मिशनचे, ते रोमन कॅथलिक. रस्त्याच्या अलीकडं आमचं चर्च, पलीकडं त्यांचं. येशू एकच, घंटा दोन. लाजरस जळालेली मोटार परत बांधायचा, वायरिंग करायचा, मिक्सरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करायचा. फार बोलायचा नाही म्हणून कंपाउंडातल्या बायका त्याला लाजऱ्या म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या आत्याला आमच्याकडं पाठवलं होतं. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आत्यानं विषय काढला आणि आईनं कपबशी उचलता उचलता सांगितलं, "रोमनच्यात आम्ही देत नाही."

सगळ्यांना पटलं. पाळकसाहेबांनासुद्धा पटलं. पण ती तोंडाची सबब होती. खरं कारण मागच्या खोलीत उभं होतं. मिशनचा दवाखाना बंद पडला तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरातला हा ओव्हन भंगारात निघाला होता, तो बाबांनी मरायच्या आदल्या वर्षी माझ्यासाठी उचलून आणला. बाबा गेले आणि घर त्या ओव्हनवर चालायला लागलं. वाढदिवसांचे केक, दुकानांची नानकटाई, खारी. माझा भाऊ आशीर्वाद पुण्याला शिकत होता तो त्याच्यावर, आईची औषधं त्याच्यावर. दुभती म्हैस दावणीची सोडून कुणी देत नाही. आई वाईट नव्हती. फक्त तिला दूध लागत होतं.

मी आत जाऊन साडी नेसले. बाहेर आले तर आई दारात.

"केक भाजायचाय का लग्नाला जायचंय?"

"गाऊनमध्ये काचा आहेत."

"कुठंयत बघू."

"तू घाल मग गाऊन. टोचल्या की सांग."

मार्थामावशी फस्सकन हसली. आई नाही हसली.

तो आला. गाडी लिंबाखाली लावली, पिशवी काढली, चपला बाहेर ठेवल्या.

"सलाम, मावशी."

"सलाम. बघ रे बाबा. मेला का काय तो."

"बघतो."

"नाव लाजरस आहे तुझं. मेलेलं उठव म्हणजे झालं."

"मावशी, बायबलात लाजरस मेलेला उठला होता. उठवणारा दुसरा होता."

"मग त्याचं नाव घे नि उठव. ह्या बायका मला भाजून खातील आता."

तो आत आला. मी दार लोटायला गेले, कारण उन्हाची तिरीप सरळ ओव्हनवर येत होती आणि त्याला आतलं दिसलं नसतं. आई बाहेरून म्हणाली, "उघडंच राहू दे. उकडतंय."

डिसेंबरात तिला उकडत होतं.

ती पडवीत खुर्ची ओढून अशी बसली की तिला डबेही दिसावेत आणि आम्हीही. आईसमोर लाजरस मला कधी नावानं हाक मारायचा नाही. तूही नाही, तुम्हीही नाही. वाक्यं अशी फिरवायचा की त्यांत मी कुठं यायचेच नाही.

"काय झालं होतं?"

"बल्ब फुटला. हा लाल झाला. मग बंद."

"बटण चालू होतं?"

"चालूच असतं."

त्यानं पिशवीतून बल्ब काढला. होल्डरला दोन वायरी, टोकं सोललेली. ती बोर्डात घातली. बल्ब पेटला.

"बोर्डात लाईट आहे," तो म्हणाला.

"टेस्टर आहे माझ्याकडं. तेवढं मलापण कळतं."

"टेस्टर खोटं बोलतो कधीकधी. बल्ब नाही बोलत."

"माणसांसाठी आहे का असला बल्ब तुझ्याकडं?"

हे मी हळू म्हणाले. तो खाली मान घालून हसला. त्याच्या मानेवर केस कापल्याची ताजी रेघ होती आणि तिच्या खाली कातडी गोरी. मला तिच्यावर बोट ठेवावंसं वाटलं. सरळ सांगते. तिशी उलटलेली बाई होते मी, आणि मला कुणी हात लावला होता तो फक्त ताप बघायला.

आम्ही दोघांनी मिळून ओव्हन भिंतीपासून ओढला. मागच्या पत्र्याचे स्क्रू गंजलेले. तो एकेक स्क्रू पिळून काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा. शेजारी ताटली होती, त्यानं ती बघितली होती. तरी प्रत्येक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवत होता. गरम असायचे ते, त्याच्या बोटांनी. मी मूठ मिटून घेत होते.

पत्रा निघाला. आत पिठाची धूळ, कोळ्याची जाळी, वायरी. त्यानं वाकून बघितलं. बराच वेळ तसाच राहिला.

"काय?" मी म्हटलं.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

मग त्यानं बघायला सुरुवात केली. आधी दोरी, म्हणजे ओव्हनची वायर, सोडवली, तिची तीनही टोकं बल्ब लावून तपासली. दोरी चांगली. मग खालची कॉइल. एक टोक मला धरायला दिलं, एक त्यानं धरलं.

"हात सुका आहे ना?"

"मैद्याचा आहे."

"मग ठीक."

बल्ब पेटला. कॉइल चांगली. मग वरची. तीही चांगली. मग उष्णतेचं बटण फिरवून त्याचा कट कट आवाज कान लावून ऐकला. फुंकर मारली, पीठ उडालं, ते त्याच्या भुवयांवर बसलं. मी पुसलं नाही. आई बघत होती.

"लाजऱ्या," मार्थामावशी बाहेरून, "माझा बसला रे!"

"तुम्हीपण बसा मावशी."

"बसलेच की कधीची. गुडघे धरलेत. दोन डझन अंडी फोडलीत मी. कोंबड्या शाप देतील तुला."

"अहो, कळेल आत्ता."

"कळायला काय पंचांग बघतोस का आत?"

बायका हसल्या. आईही हसली असावी, पण तिची मान वळली नाही.

तो आवाज उतरवून म्हणाला, "चाकणला लागलो."

"काय?"

"कंपनीत. मेंटेनन्सला. एक तारखेला हजर व्हायचंय."

माझ्या मुठीतले स्क्रू रुतायला लागले. मी म्हटलं, "चांगलंय."

"खोली बघितली. लहान आहे. मोरी आतच आहे."

"बरं."

"लाईट जात नाही तिकडं. एमआयडीसीची लाईन. चोवीस तास."

"अजिबात जात नाही?"

"मी होतो तेवढ्या दिवसांत नाही गेली."

मी कधी असलं घर बघितलं नव्हतं. मला ती खोली दिसली. दिसली म्हणजे खरंच दिसली. एक खिडकी, एक खाट, भिंतीला कॅलेंडर, आणि कुणीही न बघता पेटलेला दिवा. त्या खोलीत ओव्हन नव्हता. माझ्या केसांत मैदा नव्हता. मी खाटेवर बसलेले आणि काहीच करत नव्हते. एवढंच. त्याच्या पुढं मला काही दिसलं नाही, पण तेवढ्यानंच माझ्या छातीत असं दुखलं की मी ओव्हनचा पत्रा धरला.

"एकट्याला खोली कशाला?" मी म्हटलं. "कंपनीची पोरं भाड्याच्या कॉटवर राहतात."

"तेच म्हणतोय."

"काय तेच?"

तो वाकला आणि खालच्या कॉइलला परत बल्ब लावायला लागला.

"ही बघितलीस मघाशी."

"हो?"

"वरचीपण बघितलीस. दोरीपण. लाजरस, गिरणीची मोटार तू मला दारात उभी ठेवून बांधली होतीस. एवढा वेळ लागला नव्हता."

त्यानं बल्ब खाली ठेवला. मग बोटानं आतल्या एका कोपऱ्यावरची धूळ पुसली. पिठाच्या थराखालून एक लाल बटण निघालं, हरभऱ्याएवढं.

"हे बघ," तो म्हणाला. पहिल्यांदा मला 'बघ' म्हणाला, आई तिथं असून. "जास्त तापला की हे बाहेर उडतं. ओव्हन जळू नये म्हणून असतं. आत दाबलं की झालं."

"बस?"

"बस."

"बाकी काही नाही गेलेलं?"

"काही नाही."

"तुला कधी कळलं?"

"पत्रा काढला तेव्हाच."

माझ्या डोळ्यांपुढं सगळे डबे आले. मार्थामावशीची दोन डझन अंडी, बसत चाललेली पिठं, बाहेर ताटकळलेल्या बायका. मला त्याला झापड मारावीशी वाटली.

"आणि मग काय चाललं होतं तुझं? एवढा वेळ?"

तो पिठानं भरलेल्या भुवया वर करून माझ्याकडं बघत होता.

"तुमच्या घरात मला एवढा वेळ कुणी बसू दिलंय कधी?" तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी डबे मोजत होतं, कुणाचं पोर रडत होतं. आईची खुर्ची करकरली.

"सुवार्ता." माझं नाव घेऊन तो ओठांतल्या ओठांत बोलत होता. "मी मावशींना सांगतो, गेला. कॉइल मिळत नाही याची. जुना विलायती माल. कुणी तपासायला येणार नाही. तालुक्यात याला हात लावणारा मी एकटाच आहे आणि मी चाललोय."

मला समजायला वेळ लागला नाही. समजून घ्यावंसं वाटायला लागला.

ओव्हन मेला तर काय होईल ते मी उभ्या उभ्या बघितलं. आज बायका शिव्या घालतील, डबे उचलून नेतील, तव्यावर धोंडे भाजतील. आई कपाळ बडवून घेईल. आशीर्वाद पुण्यात कुठंतरी अर्धवेळ नोकरी धरेल, धरायला पाहिजेच होती, घोडा झाला होता. आणि थोड्या दिवसांनी आई माझ्याकडं अशी बघेल, जशी ती नको असलेल्या भांड्याकडं बघते. ओव्हन चालू तर मी घरातला कमावता हात. ओव्हन बंद तर मी खाणारं तोंड. आणि खाणाऱ्या तोंडाचं लग्न लावतात. रोमन असो की कुणी असो. तीच आई म्हणेल, शेवटी येशू एकच की.

लाजरसनं हे सगळं बरोबर ओळखलं होतं. मोटार जशी ओळखायचा तसं.

"सांगू?" तो म्हणाला.

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ. जीभ टाळ्याला लागली होती हो म्हणायला. खोली, खाट, चोवीस तास दिवा. त्याचा चेहरा एवढा जवळ होता की त्याच्या श्वासानं माझ्या ओठावरचं पीठ हलत होतं. मला वाटलं, बाई, एवढं काय, दोन शब्दांचं खोटं, तेही दुसरा बोलणार, आपण फक्त गप्प बसायचंय.

आणि मग माझं डोकं फिरलं.

"बंद ओव्हनची बाई पाहिजे तुला?" मी म्हटलं.

"तसं नाही."

"तसंच आहे. चालू ओव्हनची बाई मागायची धमक नाही तुझ्यात. आधी आत्याला पाठवलंस. आता न्यूट्रलच्या तारेला पुढं केलंस. तू कधी येणार रे?"

"हळू बोल."

"का हळू? दोन वर्षं हळूच बोलतोय की आपण. मागायचं तर आत्ता माग. हा पेटलेला असताना. बाहेर सगळ्या बसलेल्या असताना."

"मावशी नाही म्हणतील."

"म्हणू दे. मग मी बोलेन."

"काय बोलशील?"

"ते तू विचारल्यावर कळेल. ह्याच साडीवर गाडीवर बसेन, तोंडाला पीठ असेल तसं. पण विचारलं तर. ओव्हन मेला म्हणून मी येणार नाही. मढं उचलून नेल्यासारखं न्यायचं नाही मला."

तो बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. हलवली. मी बघितली. ती हो म्हणून हलली होती.

मी वाकले. हात आत घातला. बटण थंड होतं. अंगठ्यानं दाबलं. टक.

पुढं येऊन बोर्डाचं बटण लावलं. आधी काही झालं नाही. मग खालची कॉइल कुरकुरली, आणि अंधारात लाली चढायला लागली. आधी टोकाला, मग सगळीकडून. त्याच्या चेहऱ्यावर ती लाली पडली. मला तो चेहरा अजून तसाच दिसतो, खालून उजळलेला, भुवया पांढऱ्या, म्हातारा झाल्यासारखा. आम्ही दोघं म्हातारे झालो असतो तर असेच दिसलो असतो कदाचित.

"आई," मी हाक मारली. "आत ये."

आई आली. गुडघ्यावर हात ठेवून, दमल्यासारखी. लाल कॉइल बघितली आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरला. पदरानं तोंड पुसलं.

"झाला का? देवाची कृपा."

"झाला," मी म्हटलं. "लाजरसला काहीतरी विचारायचंय तुला."

आई थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग माझ्या साडीकडं. तिला कळलं होतं. बाईला असलं कळायला वेळ लागत नाही. ती निघून गेली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, आणि तिच्या मागं मार्थामावशी डोकं काढून, आणि तिच्या मागं आणखी दोघीतिघी.

लाजरसनं हातातली पक्कड पुसली. मग परत पुसली.

"मावशी," तो म्हणाला.

"बोल."

"मावशी, ते... इथून पुढं लाईट गेली ना, की ह्याचं बटण बंद ठेवत जा."

आई त्याच्याकडं बघत होती.

"लाईट आल्यावर थोडं थांबायचं," तो म्हणाला. "नीट आलीय का बघायचं. मग लावायचं."

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

आईला जाऊन आता वर्षं झाली. लाजरस चाकणला गेला तो तिकडचाच झाला, लग्न तिकडंच केलं, मुलं मोठी झाली म्हणतात. आशीर्वादचं सगळं बरं झालं. मी दुसरा ओव्हन घेतला, मग तिसरा. पण आईचं ते 'एवढंच' माझ्या कानातून जात नाही. त्यात सुटल्याचा सूर होता असं मी पुष्कळ दिवस धरून चालले होते. ती शेवटची आजारी होती तेव्हा एकदा तिचे पाय चेपताना मनात आलं, की नसेल तसं. की ती नुसती सुटली नव्हती, तिलाही काहीतरी वेगळं ऐकायचं होतं. विचारणार होते. तेवढ्यात तिला झोप लागली, आणि मग राहिलं.

त्या दिवशी लाजरसनं पत्रा बसवला. स्क्रू माझ्या हातात होते. मी हात पुढं केला, तर त्यानं या वेळी शेजारची ताटली उचलून पुढं धरली. मी त्यात टाकले. ते खळखळले. त्यानं खाली बघत एकेक पिळला, नीट, सगळे, एकही विसरला नाही. ओव्हन भिंतीला लावला. पिशवी भरली. आई म्हणाली चहा घेऊन जा. तो म्हणाला नको, फादरकडं बोलावलंय.

चपला घातल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

मी मार्थामावशीचा डबा उचलला. वरचा साईसारखा थर आत ओढला गेला होता, पण अजून वाचला असता. डबा छातीशी धरून दारात आले.

तो लिंबाखाली गाडीवर बसला. किक मारली. गाडी खोकली. परत मारली, परत खोकली. उतरला, काहीतरी बघितलं, परत बसला. सगळ्या तालुक्याच्या मोटारी चालू करून देणारा माणूस, त्याचे कान लाल झाले होते.

मी तिथं उभी होते, हातात फेटलेलं, पाठीमागं तापलेला ओव्हन, आणि मी प्रार्थना करत होते. चर्चमध्ये करतो तसली पाठ केलेली नाही. मी म्हणत होते, होऊ नको. होऊ नको चालू. एवढं एक बंद राहू दे. त्याला उतरायला लाव, चालत मागं यायला लाव, पाणी मागू दे, काहीही मागू दे.

"काय रे लाजऱ्या," मार्थामावशी म्हणाली, "तुझीच बिघडली का आता?"

बायका खिदळत उठल्या. त्यांना घाई होती, त्यांचे केक वाट बघत होते. "थांब, धक्का देतो," म्हणाल्या. पदर खोचले, मैद्याचे, लोण्याचे हात गाडीच्या मागं लावले आणि एक दोन तीन म्हणत त्याला फाटकाच्या दिशेनं ढकलत नेलं.

उताराला गाडी चालू झाली.